हळदोण्याचा ट्रम्पेटवाला

गोव्यात बार्देश तालुक्यात हळदोणे नावाचे गाव आहे. म्हापसा नदीच्या काठी सेंट थॉमसचे जुने चर्च, भोवती माड आणि भातशेती. या गावात १९१६ साली अंतोनियो झेवियर वाझ नावाचा मुलगा जन्माला आला. आई त्याला लाडाने चिको म्हणायची. चिको म्हणजे लहानगा. पोराने मेकॅनिक व्हावे, हाताला काम असावे आणि महिन्याकाठी चार पैसे घरात यावेत, एवढीच घरच्यांची इच्छा. पोराने मात्र हातात ट्रम्पेट घेतला. पुढे मुंबईतल्या हॉटेलांमध्ये आणि चित्रपटसृष्टीत हाच मुलगा चिक चॉकलेट या नावाने गाजला. भारताचा लुई आर्मस्ट्राँग अशी त्याची ख्याती झाली. मे १९६७ मध्ये तो गेला, तेव्हा त्याने जेमतेम पन्नाशी ओलांडली होती.

मी चिंचवडला राहतो. भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी पस्तीस वर्षे गेली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मागोमाग एकेक कारखाना येत गेला आणि आज ही रांग थेट चाकणपर्यंत पोहोचली आहे. आमच्या या पट्ट्यात पोराने आयटीआय करावे, फिटर किंवा टर्नर व्हावे, कंपनीत चिकटावे ही घराघरातली प्रार्थना आहे. त्यामुळे चिकच्या आईवडिलांची इच्छा मला अगदी शेजारच्या घरातली वाटते. तो मेकॅनिक झाला असता तर चांगलाच झाला असता, अशी माझी समजूत आहे. कारण ट्रम्पेट हेही एक यंत्रच आहे. सुमारे साडेचार फूट लांबीची पितळी नळी वळवून वळवून हातभर केलेली, आणि तिला अवघ्या तीन कळा. तीन कळांमधून निघणार किती प्रकार? बाकीचे सारे सूर ओठांच्या ताणातून आणि पोटातल्या श्वासातून काढावे लागतात. यंत्र थोडे आणि माणूस फार, असे हे वाद्य आहे.

आर्मस्ट्राँगचे नाव घेतले की जॅझ आले, आणि जॅझ म्हटले की आपल्याकडच्या बहुतेक घरांत चेहरे कोरे होतात. परक्या देशातला गोंगाट, अशी त्याची सर्वसाधारण प्रतिमा. माझी मुलगी चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिच्या बरोबर काम करणाऱ्या एका जर्मन गृहस्थांच्या ओळखीने काही वर्षांपूर्वी प्राधिकरणातल्या एका लहानशा सभागृहात आम्ही अशी मैफल ऐकली. साठसत्तर खुर्च्या आणि चार वादक. एक सॅक्सोफोन, एक ट्रम्पेट, माणसाहून उंच असा डबल बास आणि ड्रम. समोर कागद नाहीत, आधी ठरवलेली चाल नाही, ठरलेला ठेकाही नाही. बासवाल्याने एक सूर छेडला आणि बराच वेळ तोच धरून ठेवला. ड्रमवाल्याने ब्रशने कातड्यावर नुसता खरखराट केला. ट्रम्पेटवाला ऐकत उभा राहिला, मग त्याने एक तुटका स्वर टाकला, सॅक्सोफोनने तो उचलला, उलटा केला आणि परत त्याच्या अंगावर फेकला. पुढची चाळीस मिनिटे हे असे चालले. कधी चौघे एकमेकांवर धावून जात, कधी तिघे थांबून एकाला वाट देत. पुढच्या क्षणी काय होणार हे त्यांनाही ठाऊक नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते.

बायकोने मध्येच माझ्या कानाशी येऊन सांगितले की, हे आपल्या भजनासारखेच चालले आहे. तिचे माहेर देहूकडचे. तिथल्या भजनात बुवा एखादी ओळ धरतात, तिला वळवतात, लांबवतात, पखवाजवाला ते पाहून बोल बदलतो, टाळकरी मागून उचलतात. यातले काहीच लिहिलेले नसते. शास्त्रीय संगीतात याला नेमका शब्द आहे, उपज. बंदिश ठरलेली, उपज त्या क्षणाची. जॅझमध्येही असेच असते. एक चाल असते, बहुधा बारा किंवा बत्तीस मापांचे तिचे आवर्तन असते, आणि तीनतालाच्या सोळा मात्रांवर आपला गवई जसा फिरून समेवर येतो, तसा जॅझचा वादक त्या आवर्तनात फिरून जागेवर येतो. आम्ही ऐकली ती मैफल याच्याही पुढची. तिथे आवर्तनाचे कुंपणही काढून टाकले होते. घरी आल्यावर मुलीने विचारले की आपल्याकडे असे वाजवणारे कोणी होते का, आणि त्या प्रश्नामुळे मी चिकच्या आयुष्याकडे वळलो. त्याला मी अरेतुरे करतो आहे, ते अनादराने नव्हे. ज्याच्या सुरांवर आपण वरातीत नाचलो, तो घरचाच होऊन जातो.

चिकचे संगीताचे शिक्षण चर्चच्या शाळेत झाले. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या गावोगावी चर्चला जोडलेल्या अशा शाळा होत्या. तिथले मेस्त्री, म्हणजे संगीताचे मास्तर, मुलांना प्रार्थनागीते शिकवत, व्हायोलिन हातात देत आणि पाच ओळींची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. यातूनच गोव्याच्या वादकांच्या पिढ्या तयार झाल्या. गावात पोट भरण्यासारखे फारसे काही नव्हते. तेव्हा ही मुले मुंबईची वाट धरत, धोबीतलावच्या आसपास आपल्या गावच्या कुडांमध्ये पथारी टाकत आणि बँड, मूकपट, नाचघरे, जिथे काम मिळेल तिथे वाजवत. समोर कागद ठेवा, लगेच वाजवून दाखवतो, ही त्यांची खासियत. आपल्याकडचे उस्ताद आणि बुवा सारे संगीत डोक्यात ठेवत. गोवेकर ते कागदावरून उचलत. त्यांचे सारे मोल या वाचण्यात होते.

चिकला मात्र ओढ लागली ती कागदापलीकडच्या संगीताची. त्याचे दैवत लुई आर्मस्ट्राँग. न्यू ऑर्लिन्समध्ये १९०१ साली अत्यंत गरीब वस्तीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय वादकाने १९२५ पासूनच्या तीनचार वर्षांत आपल्या लहानशा वाद्यमेळासह ज्या तबकड्या काढल्या, त्यांनी जॅझचे रूप बदलले. त्याआधी सगळे मिळून एकाच वेळी उपज करत. आर्मस्ट्राँगने एकट्याने उभे राहून ट्रम्पेटला बोलायला लावले. शिवाय तो त्या घोगऱ्या आवाजात गायचाही. या तबकड्या मुंबईला पोहोचत होत्या आणि चिकसारखे तरुण त्या झिजेपर्यंत ऐकत होते. दूर देशातला गुरू, दोन बाजूंची काळी तबकडी, आणि शिष्य एकलव्यासारखा.

नुसत्या तबकड्याच नव्हे, प्रत्यक्ष माणसेही आली. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी नावाचा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. तेव्हा चिक एकोणीस वर्षांचा होता. अ‍ॅबीच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानिस्ट आला. आपल्याच देशात कातडीच्या रंगावरून अपमान सोसणाऱ्या या कलावंतांना मुंबई-कलकत्त्यात मान मिळाला. अर्थात, ज्या साहेबांसमोर ते वाजवत, त्यांचे राज्य आपल्यावर होते, हा त्यातला विरोधाभास. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यात स्थिरावला. त्याच्या वाद्यवृंदात पुष्कर बहादूर हा नेपाळी ट्रम्पेटवादक जॉर्ज बँक्स या नावाने वाजवत असे. आपल्या परिचयाचे लुई बँक्स हे त्याचेच चिरंजीव. १९४५ साली वेदरफोर्ड कलकत्त्यातच पटकीने गेला. परंतु तोवर या मंडळींनी इथल्या वादकांच्या हाती आपली विद्या दिलेली होती.

त्याच १९४५ साली चिक मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलात अकरा जणांचा वाद्यवृंद घेऊन उभा होता. अपोलो बंदरावर ताजच्या शेजारी हे हॉटेल होते. पुढे ते पाडले गेले आणि त्या जागी ताजचा आजचा मनोरा उभा राहिला. महायुद्ध संपत आलेले, बंदरात परदेशी सैनिक, नाचाच्या फरशीवर गर्दी आणि समोर आर्मस्ट्राँगची याद देणारा हा सावळा, गोल चेहऱ्याचा ट्रम्पेटवाला. तो आर्मस्ट्राँगसारखा वाजवायचा, त्याच्यासारखा घोगरा गायचा. लोकांना हेच हवे होते. भारताचा आर्मस्ट्राँग ही पदवी त्याला मिळाली ती अशी. पदवी मोठी खरी, पण तिच्यात एक काटा होता. आपल्याकडे एखाद्या गायकाला दुसरा सैगल म्हटले की त्याची किंमत वाढते आणि त्याच वेळी घटतेही. स्वतःचा आवाज सापडण्याआधीच दुसऱ्याच्या नावाची पाटी गळ्यात पडते.

चिकचा स्वतःचा आवाज कुठे होता? तो त्या रात्रींमध्ये होता, आणि त्या रात्री आपल्याला ऐकायला मिळणार नाहीत. नाचणाऱ्यांसाठी ठरलेली गाणी वाजवून झाल्यावर, गर्दी पांगल्यावर, उरलेले चारपाच वादक एकमेकांसाठी वाजवतात, त्याला जॅझच्या दुनियेत जॅम सेशन म्हणतात. तिथे मालक नसतो, फर्माईश नसते. खरा जॅझ तिथे जन्मतो आणि तिथेच विरून जातो. त्या काळी दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटांचे संगीत मावत असे. अर्धा तास रंगलेली उपज कोण कशावर उतरवून ठेवणार? आपल्याही कितीतरी गवयांचे असेच झाले. त्यांची तीन मिनिटांची तबकडी ऐकून आपण त्यांच्या रात्रभराच्या मैफलीचा अंदाज बांधतो. चिकच्या बाबतीत तर तेवढेही फार थोड्यांनी केले.

स्वातंत्र्य मिळाले, साहेब गेला. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. नाचघरांचा धंदा बसला आणि वादकांच्या पोटावर पाय आला. पण त्याच सुमारास हिंदी चित्रपट संगीताला मोठमोठ्या वाद्यवृंदांची भूक लागली होती. व्हायोलिनची रांग, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, डबल बास, आणि या सगळ्यांसाठी स्वरलिपी लिहून देणारा माणूस. गोवेकर वादक दादर, ताडदेव, अंधेरीच्या स्टुडिओंकडे वळले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही यातली मोठी नावे. संगीतकाराने पेटीवर चाल ऐकवायची आणि यांनी तिच्याभोवती वाद्यांची इमारत उभी करायची, अशी ही वाटणी होती. चाल संगीतकाराच्या नावावर राहिली. इमारत कोणी बांधली, हे श्रोत्यांनी क्वचितच विचारले.

चिकची जोडी जमली ती आपल्या सी. रामचंद्रांशी. रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेले आणि तरीही कान सताड उघडे ठेवणारे. १९४७ सालच्या ‘शहनाई’पासून त्यांनी पाश्चात्त्य ठेका हिंदी गाण्यात असा काही मुरवला की तो उपरा वाटेनासा झाला. त्यांचा सहायक म्हणून चिकने काम केले. आणि मग १९५१ साली आला ‘अलबेला’. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. नायिका गीता बाली. पुणतांब्याचा संगीतकार, गिरणगावचा नायक आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवाला अशी तिघांची मोट बांधली गेली. तिने साऱ्या देशाला ठेका धरायला लावला. या चित्रपटाच्या नाचगाण्यांत चिक आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो, झालरीच्या बाह्यांच्या पोषाखात. ‘शोला जो भडके’ लता मंगेशकरांबरोबर स्वतः सी. रामचंद्र चितळकर या नावाने गायले आहेत. १९५७ च्या ‘आशा’ या चित्रपटातले ‘ईना मीना डीका’ही याच घराण्यातले. त्या गाण्यात जॉन गोम्स या गोवेकर वादकामुळे कोकणी शब्द शिरले, असे सांगतात. मुंबईत हे असे सहज घडत होते.

स्टुडिओने चिकला काम दिले, पैसा दिला, घर चालवले. त्यासाठी त्याला आपल्या लाडक्या गोष्टीला मात्र मुरड घालावी लागली. गाणे तीन-साडेतीन मिनिटांचे, त्यात मुखडा, अंतरे, आणि मधल्या जागेत ट्रम्पेटला मिळणार चार किंवा आठ मापे. तेही बहुतेक वेळा लिहिलेले, कारण एकाची चूक झाली तर सगळ्या वाद्यवृंदाला पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. उपजेवर जगणारा माणूस लिहिलेल्या चौकटीत उभा होता. आमच्या कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर ड्रॉइंगप्रमाणे काम. एक हजारांश इंचाचीही सवलत नाही. पण हातात कसब असलेला कारागीर ड्रॉइंगप्रमाणे केलेल्या कामावरही आपला हात सोडून जातो, हे टूलरूममधला कोणीही सांगेल. चिकने त्या चारआठ मापांत तेच केले. सूर लिहिलेला असेल, पण तो किती उशिरा सोडायचा, शेवटी किती थरथरवायचा, ओठ सैल करून त्याला हळूच खाली कसा ओढायचा, हे कुठल्याही कागदावर लिहिता येत नाही.

‘नादान’ (१९५१) आणि ‘रंगीली’ (१९५२) या चित्रपटांना त्याने स्वतंत्रपणे संगीतही दिले. ‘नादान’मध्ये देव आनंद आणि मधुबाला होते. संगीतकार म्हणून मात्र त्याचा जम बसला नाही. तो वादकच राहिला. त्याची संध्याकाळ हॉटेलात जायची आणि दिवस स्टुडिओत.

इकडे जग पुढे चालले होते. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक आपले चौघांचे पथक घेऊन मुंबईत वाजवून गेला, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आला. डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कला ऑर्नेट कोलमनने आठ वादकांना एकत्र बसवून सदतीस मिनिटांचे एक सलग मुक्त वादन ध्वनिमुद्रित केले. ठरलेल्या आवर्तनाला रजा देणाऱ्या ज्या संगीताचा नमुना आम्ही प्राधिकरणात ऐकला, त्याची सुरुवात या सुमाराची. चिक त्या वाटेने गेला नाही. त्याचा जॅझ नाचवणारा, गोड, आर्मस्ट्राँगच्या काळातला. त्याने मुक्त जॅझ वाजवला असे म्हणणे हा खोटा गौरव होईल. पण कागद बाजूला ठेवून शेजाऱ्याचे ऐकत ऐकत पुढचा सूर शोधायचा, ही जी त्या चौघांची हिंमत आम्ही पाहिली, ती मुंबईत ज्यांनी आधी रुजवली त्यांत चिक होता. आर्मस्ट्राँगची नक्कल म्हणून सुरुवात झाली असेल. रोज रात्री पुढ्यात नवी माणसे आणि नवा क्षण असताना कोणी वर्षानुवर्षे नुसती नक्कल करू शकत नाही.

१९६६ साली चेतन आनंद यांचा ‘आखरी खत’ आला. राजेश खन्नाचा हा पहिला चित्रपट. खय्याम यांच्या संगीतातले ‘रुत जवां जवां’ हे गाणे भूपिंदर सिंग यांनी गायले आणि पडद्यावरही तेच दिसतात. त्याच गाण्यात ट्रम्पेट घेऊन चिक उभा आहे. ‘अलबेला’तला झालरीचा पोषाख आता नाही, भडक ठेका नाही. मंद प्रकाशातले हॉटेल आहे, संथ सूर आहे. जिथे त्याचे आयुष्य गेले, तशाच जागी कॅमेऱ्याने त्याला गाठले आहे. त्यानंतर वर्षाभरात तो गेला.

चिकनंतर अकरा वर्षांनी, १९७८ साली, मुंबईत निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू केला आणि जगभरचे वादक इथे येऊन गेले. चिकला तो मंच मिळाला नाही. त्याचा ट्रम्पेट मात्र वेगळ्याच वाटेने गावोगाव पोहोचला होता. आमच्या चिंचवडमध्ये लग्नसराईत वरात निघते, तेव्हा बँडवाल्यांपैकी कोणीतरी ‘अलबेला’ची धून धरतो. कित्येकदा तो तरुण मुलगा असतो, दिवसा एमआयडीसीत कंत्राटावर आणि संध्याकाळी लाल कोटात. त्याला चिकचे नाव माहीत नसते. पण धून संपता संपता नवरदेवाचे मित्र ओरडू लागले की तो शेवटची ओळ दोनदा, तीनदा फिरवतो, वर नेतो, मनाने काहीतरी जोडतो, आणि ढोलवाला त्याच्याकडे पाहून ठेका बदलतो.

आजच्या रविवारी सवड काढून घरातल्या मुलांबरोबर ‘अलबेला’ची गाणी जरूर पाहावीत. भगवानदादांच्या पायांवरची नजर काढणे अवघड आहे, तरी क्षणभर मागच्या वादकांकडे पाहावे. मग ‘आखरी खत’मधले गाणे लावावे आणि डोळे मिटून दोन ओळींच्या मधला ट्रम्पेट ऐकावा. सूर कुठे सुरू झाला यापेक्षा तो कसा संपला याकडे कान द्यावा. मेकॅनिक न झालेल्या त्या पोराचे खरे काम तिथे आहे.